चाचणीचा धूर

जोसुएलला उंचीची भीती कधीच नव्हती. लहानपणी तो गावातल्या पाण्याच्या टाकीवर चढून बसायचा आणि आई खालून चप्पल दाखवायची. पुढे नेइदीशी लग्न झालं, तिच्या थोरल्या बहिणीनं त्याला आपल्या धंद्यात घेतलं, आणि त्याची ही खोड पोटापाण्याला लागली. मार्लुसी तिचं नाव. फेइरा शहरात तिचं एका खोलीचं दुकान होतं आणि काम एकच, मोठमोठ्या इमारतींत धुराची वर्दी देणारी यंत्रं बसवायची आणि वर्षाकाठी ती तपासायची.

घरात छताला वाटीएवढं एक यंत्र चिकटवलं की भागतं. पण गोदामात, बाजारात, मोठ्या चर्चमध्ये छप्पर इतकं उंच आणि लांब की अशा वाट्या किती लावणार, आणि त्या पुसायला वर कोण जाणार? म्हणून तिथं एका भिंतीवर छपराजवळ डोळा बसवतात आणि समोरच्या भिंतीवर आरसा. डोळ्यातून न दिसणारा एक किरण निघतो, अख्खं गोदाम ओलांडून आरशावर आपटतो आणि परत येतो. वाटेत धूर आला की परत येणारा उजेड मंदावतो, खाली पॅनेलवर लाल दिवा लागतो आणि भोंगा वाजतो. जोसुएल नवीन लोकांना सांगायचा, "सासूबाईंसारखं आहे. दिवसभर एकाच जागी बसून समोर बघत राहायचं, आणि मध्ये कोणी आलं की ओरडायचं."

त्या डिसेंबरात, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, ते दोघं वाखेच्या गोदामावर आले होते. तो सगळा मुलूख घायपाताचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर टोकदार पानांच्या रांगा, मध्येच एखादं उंबूचं झाड, आणि वर ढगाचा ठिपका नसलेलं आभाळ. शेतांतून त्या पानांचा सोललेला धागा, म्हणजे वाख, वाळून गोदामात यायची, बाजूच्या पडवीत बायका ती यंत्रावर झोडून साफ करायच्या आणि मग तिच्या गासड्या बांधून आत रचल्या जायच्या. एकावर एक गासडी, घराएवढ्या उंच थप्प्या, आणि थप्प्यांच्या मधून गल्ल्या. हवेत सदानकदा वाखेची बारीक कुसं. नवा माणूस आत आला की पहिल्यांदा शिंकायचा.

गोदामाचा मुकादम सेउ देराल्दो; तिकडं मोठ्या माणसाला आदरानं सेउ म्हणतात, बाईला दोना. म्हातारा, काटक, डोक्यावर कातड्याची टोपी. मार्लुसीनं सकाळीच त्यांना आणि बायकांना गोळा करून सांगितलं होतं, "आज आमची तपासणी आहे. भोंगा वाजेल, परत वाजेल. कोणी घाबरायचं नाही, कोणी पळायचं नाही."

"भोंग्याला कोण घाबरतंय, दोना मार्लुसी," देराल्दो म्हणाले होते, "ह्या बायका एकमेकींशी बोलतात तेव्हा तो ऐकूसुद्धा येत नाही."

सगळ्यांत मोठ्यानं हसली ती झेलिता. झोडणीच्या यंत्रावरची सगळ्यांत जुनी बाई.

सकाळी भोंगा एक-दोनदा वाजवून झाला. मग मार्लुसीनं पॅनेल चाचणीवर टाकलं, म्हणजे दिवे लागतील पण भोंगा गप्प राहील, आणि फाटकाजवळच्या केबिनमध्ये पंख्याखाली जाऊन बसली. जोसुएल भाड्यानं आणलेल्या उचलगाडीत चढला. कात्रीसारख्या लोखंडी पात्या उघडत वर जाणारी ती गाडी, वर कठडा असलेला पाळणा. मशीन जुनं होतं. भाडेवाल्यानं बजावलं होतं की बॅटरी जरा सांभाळून वापरा, आणि पाळण्यातलं खाली येण्याचं तातडीचं बटण जिथं असायला हवं तिथं दोन तारा लोंबत होत्या. जोसुएलनं त्या तारा पाहिल्या होत्या. "ही काय आज पडणार आहे का," म्हणून सोडून दिलं होतं.

काम ठरलेलं. वर जायचं, काचेवरची कुसं पुसायची आणि मग ठिपक्याठिपक्यांची एक पारदर्शक पट्टी किरणासमोर धरायची. पट्टीनं उजेड मंद होतो, यंत्राला वाटतं धूर आला.

"धूर," जोसुएल वॉकीटॉकीवर सांगायचा.

"मिळाला," मार्लुसी केबिनमधून. "काढ."

"काढला."

"दिवा विझवला. पुढचा."

असं सकाळभर चाललं होतं. मध्ये कंटाळा आला की जोसुएल काहीतरी पाचकळपणा करायचा. एकदा म्हणाला, "मालकीणबाई, मी पडलो. फुलं पाठवा, पण पांढरी नकोत, मला शोभत नाहीत."

"पड एकदाचा," मार्लुसी म्हणाली. "नेइदीला चांगला दुसरा नवरा बघून देते. बुटका बघते, म्हणजे वर चढायचं नाव घेणार नाही."

तो तिला मालकीणबाई म्हणायचा आणि अहोजाहो करायचा, सगळं चेष्टेत. ती त्याला कधी मेव्हण्या, कधी गाढवा म्हणायची. दोघांचं बरं जमायचं.

फाटकाकडचे डोळे आटोपले. आता पलीकडच्या टोकाचे आरसे राहिले होते. जोसुएलनं गाडी गल्लीतून पार मागच्या भिंतीपाशी नेली आणि पाळणा वर घेतला. दुपार झाली होती. जसजसा वर गेला तसतशी हवा दाट, गरम होत गेली. पत्र्याखाली तर भट्टीच. कठड्याला हात लावला की चटका बसत होता. गेल्या वर्षी ह्याच गोष्टीवरून मार्लुसीनं मालकाशी वाद घातला होता. डोळे फार वर आहेत, ती म्हणाली होती. उन्हाळ्यात पत्र्याखाली तापलेल्या हवेचं झाकण बसतं, आणि थंडगार मंद धूर असला तर तो त्या झाकणाखालीच अडतो, वर डोळ्यापर्यंत पोचतच नाही. खाली आणखी एक रांग बसवा. मालकानं मान डोलावून म्हटलं होतं की पुढच्या वर्षी बघू. जोसुएलला तेव्हा वाटलं होतं, मालकीणबाई काम वाढवून घेतायत.

पहिला आरसा पुसला, दुसरा पुसला. तिसऱ्याला फडकं लावलं तेव्हा नाकात एक वास शिरला. जळक्या दोरखंडाचा. आधी वाटलं पडवीत कोणी शेगडी पेटवली असेल, बायका जेवण गरम करत असतील. मग त्यानं सहज खाली पाहिलं.

खाली जमीन नव्हती.

म्हणजे होती, पण तिच्यावर काहीतरी पसरलेलं होतं. त्याच्या पायांच्या खाली, एखाद-दोन पुरुष अंतरावर, राखाडी रंगाचा एक सपाट पडदा. दुधावर साय धरावी तसा. तो हलत होता, पण वर येत नव्हता. डाव्या हाताच्या थप्प्यांमधून एक जाड वेटोळं उठत होतं, त्या पातळीपर्यंत येत होतं आणि तिथं जणू काचेला थडकल्यासारखं आडवं पसरत होतं. थप्प्यांची वरची टोकं त्यातून बेटांसारखी बाहेर आली होती. आणि जोसुएल उभा होता तिथली हवा मात्र स्वच्छ, नुसती गरम. सगळं इतकं शांत होतं की त्याला क्षणभर ते सुंदरच वाटलं.

त्यानं खाली जायचा दांडा ओढला. पाळणा हातभर खाली सरकला, गचका बसला, आणि दोनदा टिंग-टिंग करून मशीन गप्प झालं. दांड्याजवळचा हिरवा दिवा विझला. त्यानं पुन्हा ओढला. पुन्हा. मग मुठीनं ठोकला. लोंबणाऱ्या तारा एकमेकींना लावून पाहिल्या. काही नाही.

"मालकीणबाई, धूर," तो वॉकीटॉकीवर म्हणाला.

"मिळाला नाही. पट्टी नीट धर."

"पट्टी नाही. धूर आहे."

"अरे हो, पण इथं सगळे दिवे हिरवे आहेत. आरशाच्या मधोमध धर, कडेला नको."

"खरा धूर! खाली! गासड्यांतून येतोय!"

मग मार्लुसीचा वैतागलेला आवाज, "हे बघ मेव्हण्या, भूक मलाही लागलीय. गोदामात धूर आणि तीन किरणांपैकी एकालाही दिसत नाही? सकाळी तू पडलास, आता जळतोयस. शेवटचा आरसा राहिलाय, तो आटप आणि उतर."

किरण त्याच्या डोक्याच्या उंचीवर होता. स्वच्छ हवेतून सरळ जात होता, सरळ परत येत होता. यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याच्यासमोर खरोखरच काही नव्हतं.

जोसुएलनं फडकं उचललं आणि आरसा अख्खा झाकून टाकला.

"आता पिवळा लागला," मार्लुसी म्हणाली. "पूर्ण झाकलास की यंत्राला धूर वाटत नाही, बिघाड वाटतो. किती वर्षं करतोयस हे काम, गाढवा? फडकं काढ."

फडकं त्याच्या हातातून सुटलं. गिरक्या घेत खाली गेलं, राखाडी पडद्यावर क्षणभर थबकल्यासारखं वाटलं, आणि मग त्यात बुडालं.

तेव्हा जोसुएल खरा घाबरला. भीती आधी पायांत आली. गुडघे असे लटपटायला लागले की सगळा पाळणाच हलू लागला, आणि पाळणा हलतोय म्हणून तो आणखी घाबरला. त्यानं दोन्ही हातांनी कठडा पकडला, चटका बसला तरी सोडला नाही. बोलायचं होतं, पण बोलण्याऐवजी आतून कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज आला. वॉकीटॉकीचं बटण दाबलेलंच होतं.

"मार्लुसी," तो म्हणाला. "मार्लुसी, तू बाहेर ये. तू बाहेर येऊन बघ ना. मला खाली काही दिसत नाहीये. गाडी बंद पडलीय. ये गं."

इतक्या वर्षांत त्यानं तिला कधी नुसत्या नावानं हाक मारली नव्हती, आणि अगं-तुगं तर कधीच केलं नव्हतं. तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, काहीतरी पडून फुटल्याचा आला.

आणि मग भोंगा वाजला. मार्लुसीनंच पॅनेल चाचणीवरून काढून तो सुरू केला असणार.

त्या आवाजानं जोसुएलला रडूच फुटलं. आता लोक पळतील, कोणीतरी येईल. पडद्यातून एका जागी अजून खालचं दिसत होतं, गोदामाच्या मधल्या भागात थप्प्यांच्या सावलीला बायका जेवायला बसल्या होत्या. मांडीवर डबे, डब्यांत मक्याचा सांज्यासारखा कुस्कुस आणि खारवलेलं मांस. भोंगा कानठळ्या बसतील असा वाजत होता. एकीनं कानात बोट घातलं. झेलितानं मान वर केली, पलीकडच्या टोकाला पाळण्यातल्या जोसुएलची आकृती तिला दिसली असावी, आणि तिनं हात उंचावून अंगठा दाखवला. छान चाललंय, म्हणून.

जोसुएल ओरडला. भोंग्यात ते कोणाला ऐकू जाणार? त्यानं दोन्ही हात हलवले. खाली दोघीतिघींनी हात हलवले. देराल्दोंनी टोपी काढून हवेत फिरवली, आणि पुन्हा डब्यात बघून जेवायला लागले.

सकाळी त्यांना सांगितलंच होतं, घाबरायचं नाही, पळायचं नाही. वाखेच्या कुसांत दिवस काढलेल्या माणसांना हवा थोडी गढूळ दिसली तरी काय मोठंसं.

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनी दिसलं. मार्लुसी आत आली. जाड बाई, गुडघ्यानं अधू, तिला पळताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. ती पळत होती. बायकांपाशी पोचून तिनं काहीतरी ओरडून सांगितलं. बायका हसल्या. तिनं झेलिताच्या मांडीवरचा डबा उचलला आणि भिरकावून दिला. कुस्कुस उडाला. झेलिता तावातावानं उठली, मार्लुसीनं तिची हनुवटी धरून तिचं तोंड वर वळवलं, थेट छपराकडे. मग झेलिताचे दोन्ही हात आपोआप तोंडावर गेले.

त्यानंतर सगळ्या उठल्या आणि फाटकाकडे सुटल्या. देराल्दो मागून त्यांना ढकलत होते. मार्लुसीही त्यांच्याबरोबर दिसली, आणि मग ती फट बुजली. पडदा सलग झाला.

थोड्या वेळानं डाव्या थप्प्यांच्या पोटात काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला आणि राखाडीच्या खालून नारिंगी उजेड आला. इतका वेळ वाख नुसती धुमसत होती, आता तिनं पेट घेतला. जमिनीवरची कुसं पेटत गेली असावीत, कारण तो उजेड सापासारखा गल्लीतून धावताना दिसला. आता धूर थंड राहिला नव्हता. पडदा फुगला, वर यायला लागला. जोसुएलच्या बुटांपाशी आला.

"मार्लुसी," तो वॉकीटॉकीवर म्हणाला. खरखर. "मार्लुसी." खरखर.

ती गेली. बरोबरच आहे, त्याच्या मनात आलं. तिला दोन पोरी आहेत. आत कशाला येईल? त्याला नेइदी आठवली, तिनं सकाळी निघताना सांगितलं होतं की येताना गॅसवाल्याला फोन कर. एवढंच आठवत राहिलं, गॅसवाल्याला फोन कर. त्याला देवाचं नाव घ्यायचं होतं, पण प्रार्थनेच्या दुसऱ्या ओळीपुढे काही सुचेना, पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पात्यांवरून उतरता येईल का? त्यानं एक पाय कठड्याबाहेर टाकला. पायाला आधार लागेना. खाली पाहिलं तर बूट दिसत नव्हता, गुडघ्याखाली पायच नव्हता, सगळं राखाडी. तो तसाच अडकला, एक पाय आत, एक बाहेर, आणि अंगातली ताकद गेली. आत यावं म्हटलं तरी येता येईना. टाकीवर चढणारा तो पोरगा कुठं गेला कोण जाणे.

"जोसुएल!"

वॉकीटॉकीवरून नव्हे. खालून. थेट खालून, पात्यांच्या बुडाशी.

"जोसुएल, पाळणा खालून उतरवायची ती मूठ कुठं आहे? लाल मूठ? हाताला काही लागत नाही!"

त्याच्या तोंडून आधी शब्दच फुटेना.

"बोल की रे! माझ्या बहिणीला काय सांगू, तुझा नवरा मुका झाला?"

"मागं," तो ओरडला. "गाडीच्या मागं! शिडीच्या उलट्या बाजूला, चाकाच्या वर!"

खोकला. बराच वेळ खोकला. "कुठलं चाक?"

"भिंतीकडचं! खाली बस, जमिनीला लागून बस, तिथं हवा आहे!"

"बसलेय! मी काय नाचतेय असं वाटतं का तुला?"

"मार्लुसी, तू जा! जा बाहेर!"

"गप्प बस!"

धूर त्याच्या छातीपर्यंत आला. त्यानं शर्टाचं टोक तोंडावर धरलं, पण तो गरम, कडवट धूर कापडातून आत येतच होता. डोळ्यांतून पाणी, कानांत शिट्टी, डोकं जड होत चाललेलं. झोप यावी तसं वाटायला लागलं. पाय कठड्यावर तसाच अडकलेला. खालून एक शिवी ऐकू आली, अशी की मार्लुसीच्या तोंडून त्यानं जन्मात ऐकली नव्हती, आणि त्याबरोबर पाळणा हलला.

खाली निघाला. सूं असा आवाज करत, सावकाश, इतका सावकाश की जोसुएलला वाटलं आपण जागच्या जागीच आहोत. धूर डोक्यावरून गेला. आता वर-खाली काही नव्हतं, नुसता काळोख, आणि त्या काळोखात डाव्या बाजूला लाल धग. त्यानं श्वास रोखला. छाती फुटायला आली तेव्हा सोडला, आणि आत घेतला तो नुसता विस्तव. मग कधीतरी गुडघ्यांना जरा गार वाटलं. मग पोटाला. पाळणा तळाशी टेकला तेव्हा त्या गचक्यानं तो कठड्यावरून बाहेर पडला, थेट मार्लुसीच्या अंगावर.

ती जमिनीवर पालथी होती. एक हात अजून लाल मुठीवर. त्यानं तो हात सोडवला. तिचं तोंड काळं पडलं होतं आणि ओठांना फेस होता.

"भिंतीनं," ती पुटपुटली. "उजवीकडच्या भिंतीनं. तिकडं पेटलं नाहीये अजून."

दोघं रांगत निघाले. जमिनीलगत वीतभर हवा होती, तीच ओढत. मार्लुसीचा गुडघा चालेना तेव्हा जोसुएल तिला काखेत धरून फरफटत नेऊ लागला. वरून पेटत्या वाखेचे झुबके पडत होते, एक तिच्या पाठीवर पडला, त्यानं हातानं झटकला. मागं थप्पी कोसळल्याचा धडाका झाला आणि पाठीमागून गरम वाऱ्याचा लोट आला. भिंत संपतच नव्हती. मग समोर धुरात एक माणूस दिसला, ओलं पोतं डोक्यावर घेतलेला, आणि देराल्दोंचा आवाज आला, "इकडं! आवाजाकडं या! इकडं, पोरांनो!"

उजेड. उन्हाचा पांढरा उजेड. मग कोणीतरी अंगावर पाणी ओतलं.

उंबूच्या झाडाखाली बायका बसल्या होत्या. झेलिता एकेकीचं नाव घेऊन मोजत होती, मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून. सगळ्या होत्या. गोदामाच्या पत्र्यांतून आता धूर सरळ वर जात होता, आभाळाला टेकलेला खांबच जणू. भोंगा अजून वाजत होता. मग तोही बंद पडला, आणि त्या शांततेत जाळाचा आवाज ऐकू यायला लागला. जोसुएलला वाटलं आपल्याला थंडी वाजतेय. त्या उन्हात त्याचे दात वाजत होते.

देराल्दो त्याच्यापाशी येऊन उकिडवे बसले. भुवया जळाल्या होत्या. "तू हात हलवत होतास," ते म्हणाले. "आणि मी टोपी फिरवली. देवा रे. मी तुला टोपी फिरवली."

"तुम्हाला काय माहीत," जोसुएल म्हणाला.

बंबवाले शहराहून आले तोवर छप्पर बसलं होतं. वाखेची आग अशी की वरून विझली तरी गासडीच्या पोटात धुमसत राहते. पुढे कितीतरी दिवस त्या गावाला तो जळक्या दोरखंडाचा वास येत होता. आग लागली कशानं ते कळलं नाही. कोणी म्हणालं गाडीच्या चाकाची घासण, कोणी म्हणालं विडी. ज्यानं-त्यानं आपलं ठरवून टाकलं.

दवाखान्यात दोघांना शेजारशेजारच्या खाटांवर ठेवलं, नाकावर प्राणवायूच्या नळ्या. नेइदी संध्याकाळी आली, दारातूनच रडत. आधी बहिणीच्या गळ्यात पडली, मग नवऱ्याच्या, मग दोघांवर ओरडली. मार्लुसीला बोलायची बंदी होती. तरी ती नळी बाजूला करून म्हणाली, "मी आधी ऐकलं नाही त्याचं. एवढा वेळ ऐकलं नाही."

"मी सकाळी पडलो होतो ना," जोसुएल म्हणाला.

ती हसली नाही. तिनं खाटेवरून हात लांब केला आणि त्याचं मनगट घट्ट धरलं, इतकं घट्ट की त्याची नस दुखली. नर्स येईपर्यंत सोडलं नाही.

बरं झाल्यावर मार्लुसीनं तपासणीची पद्धत बदलली. आता ती चाचणीच्या दिवशी गोदाम रिकामं करायला लावते, त्याशिवाय पॅनेलला हात लावत नाही. मालक कुरकुरतात. ती म्हणते, मग दुसऱ्याला बोलवा. भाड्याच्या गाडीची प्रत्येक मूठ, प्रत्येक बटण स्वतः दाबून बघते. आणि वर जायला तिनं एक नवीन माणूस ठेवला, कारण जोसुएल वर जात नाही.

त्यानं प्रयत्न केला नाही असं नाही. दोन महिन्यांनी एका पिठाच्या गिरणीत तो पाळण्यात उभा राहिला, नवा पाळणा, नवी बॅटरी, आणि जमिनीपासून माणूसभर उंच गेल्यावर त्याला घाम फुटला, डोळ्यांपुढे राखाडी आली. "खाली घे," तो म्हणाला, "खाली घे, खाली घे." मार्लुसीनं लगेच खाली घेतलं. मेव्हण्या म्हणाली नाही, गाढवा म्हणाली नाही. पॅनेलपाशी तिनं त्याच्यासाठी खुर्ची सरकवली, आणि तेव्हापासून खालचं काम तो बघतो.

लोकांना वाटतं आता तो बरा झाला. हसतो, चेष्टा करतो, मार्लुसीला पुन्हा अहोजाहो करतो. पण नेइदीला ठाऊक आहे. रविवारी ती त्याला फेइराच्या मोठ्या चर्चमध्ये घेऊन जाते. छप्पर उंच, शेकडो माणसं, वेदीवर धुपाटणं हलतं आणि धुपाची एक रेघ वर चढते. सगळ्यांची मान खाली असते. जोसुएलची वर. ती रेघ कुठवर जाते ते तो बघत असतो, आणि ती कुठं आडवी व्हायला लागली तर काय, म्हणून त्याचा हात नेइदीच्या दंडावर असतो. बाकाच्या कडेची जागा तो कोणाला देत नाही.